तिसरं पान

माझ्या हातात सुई आली ती डोळ्यांच्या औषधामुळे.

फेब्रुवारीत अक्काच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. अक्का नाशिकला पंचवटीत राहते, काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या वाड्यातल्या दोन खोल्यांत. मेव्हणे गेल्यापासून एकटीच. मुलगा नोकरीला पुण्यात, सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी जळगावला गेलेली. मग दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब घालायला माणूस कोण? तर दीड वर्षापूर्वी रिटायर झालेला आणि सिडकोतल्या घरात कपाटांच्या बिजागऱ्यांना तेल देत फिरणारा धाकटा भाऊ. बायको म्हणाली, "अहो, जाच तुम्ही. बिजागऱ्या तरी सुटतील."

म्हणून रोज सकाळी बसने निमाणी, तिथून चालत वाडा. एक थेंब घातला की दुसऱ्या बाटलीतला घालायला दहा मिनिटं थांबायचं, आणि मग पुढच्या थेंबांपर्यंत दोन-अडीच तास मोकळे. पहिल्या दिवशी मी अक्काच्या नळाचा वॉशर बदलला. दुसऱ्या दिवशी खिडकीची कडी सरळ केली. तिसऱ्या दिवशी करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा अक्काने कपाटाच्या खालच्या फळीवरची कापडी पिशवी मागितली.

पिशवीत दुपटं होतं. बाळंतविड्याचं. "कुणाला बोलू नकोस," अक्का म्हणाली. बाळ यायच्या आधी त्याचे नवे कपडे करू नयेत असं आमच्याकडे मानतात, आणि ही बाई दिवाळीपासून लपूनछपून दुपटं भरत बसली होती. पांढरं मऊ सुती कापड, आधीच दोनदा धुऊन आटवून घेतलेलं. चार कोपऱ्यांत चार कोयऱ्या साखळी टाक्याने पूर्ण झालेल्या. कडेने एक वेल, तिचं देठही झालेलं. वेलीवर सोळा पानं. त्यांतली पाच भरलेली, अकरा नुसती निळ्या कार्बनने उमटवलेली.

"पाचव्या पानापाशी डोळ्यांनी दगा दिला," ती म्हणाली. "आता जवळचा चष्मा मिळायला महिना-दीड महिना. तोवर बाळ जन्मून बारसंही होऊन जाईल. तू भर."

मी म्हटलं, "अक्का, मी फिटर आहे."

"फिटरला हात असतात ना?"

यावर काय बोलणार. शाळेत मुलींना शिवण असायचं आणि आम्हा मुलांना टकळी. पेळू धरून सूत कातायचं, ते तुटायचं, गुरुजी ओरडायचे. सुताशी माझा संबंध तेवढाच. नंतर १९८२ ते ८४ सातपूरच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड, आणि पुढची सगळी वर्षं सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत टूलरूम. आमच्या कामात सूत म्हणजे दोरा नव्हे, इंचाचा आठवा भाग. 'दोन सूत काढ' म्हटलं की पाव इंच. अक्काला हे सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, तुला मापं तरी कळतात."

तिने मला जो टाका शिकवला त्याला ती 'साटीन टाका' म्हणते. आकार भरायचा सगळ्यात साधा टाका. आकाराच्या एका कडेला सुई वर काढायची, समोरच्या कडेला खाली घालायची, पुन्हा पहिल्या कडेला आधीच्या टाक्याला अगदी खेटून वर. बस्स, इतकंच. शेजारी शेजारी सरळ टाके, मध्ये फट नाही, एकावर एक चढलेला नाही. ऐकताना वाटलं, यात शिकायचं काय? आयटीआयमध्ये पहिल्या दिवशी आम्हाला लोखंडाचा एक तुकडा दिला होता आणि सांगितलं होतं, कानस मारून सपाट कर. तेव्हाही असंच वाटलं होतं. तो तुकडा सपाट व्हायला तीन आठवडे लागले होते.

सुरुवात दोऱ्यापासून. त्याला सगळे रेशीम म्हणतात, पण ते सूतच असतं. मेन रोडवरच्या दुकानात मी मुद्दाम लडीवरची चिठ्ठी वाचली: कॉटन, आठ मीटर, मर्सराइज्ड. हा शब्द मला कारखान्यामुळे ओळखीचा, कारण आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक कापड-प्रोसेसिंगवाला होता. जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाने १८४४ मध्ये सुताला कॉस्टिक सोड्यात बुडवून पाहिलं, सूत फुगलं आणि मजबूत झालं, पण आखडलंही. जवळजवळ पन्नास वर्षांनी होरेस लोव्ह याने तेच सूत ताणून धरून बुडवलं, तेव्हा त्याला रेशमासारखी चमक आली. म्हणजे सुताची चमक आली ती ताणामुळे. अक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "चिठ्ठी वाचून झाली असेल तर पदर सोडव."

लडीचा दोरा सहा पदरी असतो. त्यातले दोनच घ्यायचे. मी दोन्ही एकदम ओढले आणि मागे गुंता झाला. एकेक पदर वेगळा काढायचा आणि मग दोन्ही पुन्हा शेजारी ठेवायचे, असं अक्काचं म्हणणं. मला हा उगाच सोपस्कार वाटला, पण तसं केल्यावर दोरा कापडावर चपटा बसतो. एकदम ओढलेला दोरा पिळलेलाच राहतो, दोरीसारखा. लांबी दोन विती. मी सारखं ओवायला नको म्हणून चांगला दोन हात घेतला होता. तो दहाव्या टाक्याला गुरफटला, पंधराव्याला त्याचा कापूस झाला. सुई दर टाक्याला तोच दोरा कापडातून ओढते, दोरा जितका लांब तितके त्याचे शेवटाकडचे हाल.

आणि ओवणं. सुईच्या भोकाला आपल्याकडे नेढं म्हणतात. रतनगडाच्या माथ्यावर कडा आरपार फुटून झालेलं जे भोक आहे त्यालाही नेढंच म्हणतात, आणि त्या नेढ्यात मी विशीत वारा खात ऐटीत उभा राहिलो होतो. या नेढ्यात दोन पदर घालायचे पहिल्या दिवशी माझे नऊ प्रयत्न फसले. मोजले मी. दहाव्याच्या आधी अक्का म्हणाली, "दोरा चोखू नकोस, फुगतो. नेढ्याला थुंकी लाव." लागला.

मग रिंग. अक्काची लाकडी रिंग सहा इंचांची आहे, आतल्या कड्याला मलमलीची पट्टी गुंडाळलेली, म्हणजे कापड सरकत नाही आणि वळही उठत नाही. कापड ताणताना आडवं-उभं ओढायचं, तिरपं नाही. मी कोपऱ्याकडून ओढल्याबरोबर तिने हातावर चापट मारली. "उरेबात ओढू नकोस, पान वाकडं होईल." नीट बसल्यावर बोटाने टकटक केलं की वाजलं पाहिजे. रोज संध्याकाळी रिंग काढून ठेवायची, स्क्रू सैल करून. हे मला सांगावं लागलं नाही. व्हाइसमध्ये जॉब रात्रभर आवळून ठेवणारा फिटर मी नव्हतो.

दोऱ्याला गाठ मारायची नाही. कारण दुपटं एकेरी आहे, अस्तर नाही, आणि उलटी बाजू बाळाच्या अंगाला लागणार. गाठ टोचते. पानाच्या आतच, पुढे झाकलं जाईल अशा जागी दोन बारीक धावदोऱ्याचे टाके घ्यायचे, तेच दोरा धरून ठेवतात. संपवताना मागच्या टाक्यांखालून सुई सरकवून दोरा कापायचा.

आता पान. एक इंच लांब, पोटाशी चार सूत रुंद. मी सरळ या कडेपासून त्या कडेपर्यंत टाका टाकायला निघालो होतो. अक्का म्हणाली, "एवढा लांब टाका? बाळ बोट घालून ओढेल." अर्धा इंच लांबीचा दोरा कापडावर नुसता आडवा पडून राहतो, मध्ये कुठे धरलेला नाही. मोठ्यांच्या उशीच्या अभ्र्यावरही तो नखात अडकतो, इथे तर ज्याचं नख कापायलाही सगळे घाबरतात असा प्राणी. म्हणून मधली शीर धरायची आणि पान दोन भागांत भरायचं. कडेकडून शिरेकडे, जरा तिरपं. म्हणजे टाका दोन-अडीच सुतांच्या पुढे जात नाही आणि दोन्ही बाजूंचे टाके शिरेपाशी भेटून खऱ्या पानासारखे दिसतात.

मी टोकापासून सुरू केलं. कुणीही तिथूनच करेल. पहिले दहा टाके बरे तिरपे पडले. मग प्रत्येक टाका आधीच्यापेक्षा किंचित आडवा होत गेला, मला कळलंच नाही, आणि पोटाशी पोहोचेपर्यंत टाके शिरेला काटकोनात आले होते. देठाशी तर उलटे कलले. जणू पानावरून पाऊस आला आणि मध्येच वारा फिरला. दर टाक्याला फरक अगदी बारीक, पण तीस-पस्तीस टाक्यांचा मिळून भलता. टूलरूममध्ये याला आम्ही एररची बेरीज म्हणायचो. एका भोकावरून पुढचं, पुढच्यावरून त्याच्या पुढचं माप घेत गेलं की शेवटचं भोक प्लेटच्या बाहेर जातं. म्हणून सगळी मापं एकाच जागेवरून घ्यायची. मला हे चाळीस वर्षं पाठ होतं आणि सुई हातात घेतल्यावर आठवलं नाही.

अक्काचा उपाय असा: पानाच्या अर्ध्या भागाच्या मधोमध पहिला टाका टाकायचा, हवा तेवढा तिरपा. तो ठरला की तिथून टोकाकडे जायचं, मग परत मधे येऊन देठाकडे. चूक साठायला अर्धीच जागा मिळते, आणि नजर सारखी त्या पहिल्या टाक्याकडे जाते. "सगळ्यांनी त्याच्याच तोंडाकडे बघायचं," ती म्हणते.

दुसरं पान तिरपं नीट आलं पण गोळा झालं. दोरा मी आवळत होतो. फिटरचा हात, बोल्ट सैल ठेवायचा म्हटलं तर झोप लागत नाही. रिंगमधून काढल्यावर पानाभोवती कापडाला चुण्या पडल्या, वाळलेल्या बोरासारखं दिसायला लागलं. टाका ओढायचा नाही, निजवायचा, हे अक्काचे शब्द. कापडाला टेकला की थांबायचं. यासाठी मला आठवडा लागला आणि अजूनही शेवटच्या क्षणी बोटं एक झटका देतातच.

पिळाचं तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. माझे टाके निस्तेज दिसत होते, अक्काच्या पाच पानांना मात्र चमक होती. दोरा तोच, लडी तीच. सुई वर-खाली करताना बोटांत नकळत फिरते आणि दोऱ्याला पीळ चढतो, तो टाका चपटा बसत नाही. "सुई सोडून दे," अक्का म्हणाली. सोडली. ती दोऱ्याला लटकून गरगर फिरली, थांबली, थोडी उलट फिरली, स्थिर झाली. टकळीच! पन्नास वर्षांपूर्वी मी पीळ घालायला टकळी फिरवत होतो, आता पीळ काढायला सुई फिरत होती. मग दर सहा-सात टाक्यांनी सुई सोडायची सवय लागली. कानशीतही शेवटचा हात मारताना ती आडवी धरून एकाच दिशेने ओढतात, सगळे ओरखडे समांतर झाले की तुकडा एकदम लकाकतो. तेच इथे. दोरे समांतर असले तर उजेड एकीकडून परततो, पिळलेले असले तर चहूकडे उधळतो. शिरेच्या दोन बाजूंना टाके वेगळ्या दिशांनी कललेले असतात, म्हणून रंग एकच असून पानाची एक बाजू उजळ आणि एक गडद दिसते. दुपटं फिरवलं की उजेड बाजू बदलतो. हे मी त्या दिवशी खिडकीपाशी कितीतरी वेळ फिरवून पाहत बसलो. थेंब घालायला पंधरा मिनिटं उशीर झाला आणि बोलणी खाल्ली.

दोरा वाचवायचा एक डाव मी आपल्या बुद्धीने शोधला होता. समोरच्या कडेला सुई खाली घातली की परत पहिल्या कडेला जायचं कशाला? तिथेच शेजारी वर काढावी आणि उलट निघावं. मागच्या बाजूला दोरा जवळजवळ जातच नाही, निम्मी बचत. हा टाका खरोखरच वापरतात, काही वाईट नाही. पण टाके तितके भरीव आणि घट्ट शेजारी बसत नाहीत, आणि पाठ मोकळी राहते. अक्काला पाठही पोटासारखी हवी असते. हिमाचलातल्या चंब्याच्या रुमालांवर भरतकाम दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, दोरुखा म्हणतात त्याला, तोही असाच दुतर्फा भरायचा टाका. आपल्याकडे लोक येवल्याच्या पैठणीच्या पदराला कौतुकाने "काय भरलाय मोर!" म्हणतात. तो भरलेला नसतो, मागावर विणलेला असतो. पण हातमागाची पैठणी ओळखायला तिचीही उलटी बाजूच बघतात. थोडक्यात, पाठ बघणाऱ्या बाईसमोर बचतीचे डाव चालत नाहीत.

बघणाऱ्या म्हटलं, पण अक्का बघत नव्हती. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला लांबचं लख्ख दिसायला लागलं होतं, काळारामाचा कळस दिसतो म्हणून ती खूश होती, पण हातातलं सगळं धूसर. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू तसाच. म्हणून ती पान बोटाने तपासायची. अनामिकेचं टोक पानावरून आधी टोकाकडे, मग आडवं, मग पालथं घालून पाठीवरून. "इथे एक चढलाय." "इथे फट आहे." "हा सैल आहे, नख अडकतंय." मी भिंग घेऊन बघायचो तर तिथे खरंच असायचं. आमच्याकडे जुने मशिनिस्ट फिनिश असाच नखाने बघायचे. नख फिरवून सांगायचे आणि मशिनवर तपासलं तर जवळपास तेवढंच निघायचं. पण आपली अक्का त्या पंगतीतली आहे हे मला साठी जवळ येईपर्यंत माहीत नव्हतं. ती एवढी वर्षं घरी भरत बसायची आणि आम्ही म्हणायचो, वेळ जातो तिचा.

पहिली दोन पानं तिने उसवायला लावली. दोनदा. मार्च लागला तसा हातांना घाम यायला लागला, मग टाल्कम पावडर लावून बसायचं. द्राक्षांचा हंगाम, अक्काकडे पाटी भरून द्राक्षं, पण हात चिकट होतात म्हणून ती मला पान संपल्याशिवाय एक मणी द्यायची नाही. एकदा सुई बोटात गेली आणि पांढऱ्या कापडावर लाल ठिपका पडला. "थुंकी लाव, तुझीच लाव, दुसऱ्याची चालत नाही," अक्का ओरडली. लावली, ठिपका गेला. मग दोघांच्याही लक्षात आलं की हे दुपटं आहे, आणि तो कोपरा तीनदा धुतला.

रंगांचाही एक घोळ झाला. एका दुपारी अक्काने दुपटं हातभर लांब धरलं आणि म्हणाली, "हे दोन हिरवे का दिसतायत रे?" कारण ते दोन होते. तिच्या पाच पानांतली तीन पोपटी आणि दोन निळसर, मोरपंखीकडे झुकणारी. मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं, मी समजलो डिझाइन आहे. मोतीबिंदूने डोळ्यातली काच पिवळट होते, निळं त्यातून मंदावतं. तिला दिवाळीपासून दोन्ही लड्या एकच दिसत होत्या. आता नव्या डोळ्याने घरातल्या भिंतीही तिला एकदम निळसर-पांढऱ्या दिसत होत्या. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तू पुढची पानं पाळीपाळीने भर. एक हे, एक ते. लोकांना वाटेल मुद्दाम केलंय." तिच्या पाच पानांचा क्रम काही पाळीपाळीचा नव्हता, पण ते मी बोललो नाही.

आता तिसऱ्या पानाचं.

पानाची कड स्वच्छ येण्यासाठी अक्काची पद्धत अशी की आधी एका पदराने बारीक उलटी टीप घालायची, बरोबर कार्बनच्या रेघेवर. मग भरताना सुई त्या टिपेच्या किंचित बाहेरून वर काढायची आणि टीप पोटात घ्यायची. टिपेमुळे कड जराशी उचललेली राहते, टाके एका ओळीत उतरतात आणि निळी रेघ झाकली जाते. भरण्यातला सगळा कस कडेचा आहे, मधलं आपोआप भरतं. माझी पहिली दोन पानं झाल्यावर तिने हे नीट समजावलं, आणि तिसऱ्या पानाला मी उलटी टीप अतिशय सुबक घातली. फक्त ती डाव्या बाजूला रेघेच्या आत पडली. केसभर. भरून झाल्यावर पान गुळगुळीत, टाके समांतर, ताण बेताचा. आणि डाव्या कडेने बाहेर एक निळी रेघ, पोटापासून टोकापर्यंत.

अक्काचं बोट त्यावरून गेलं. टोकाकडे, आडवं, पाठीवरून. मी श्वास धरून बसलो होतो. रेघ बोटाला लागत नाही.

"हे जमलं तुला," ती म्हणाली आणि द्राक्षांची पाटी पुढे सरकवली.

मी द्राक्षं खाल्ली. इतक्या वर्षांच्या नोकरीत रिजेक्ट जॉब इन्स्पेक्शनच्या टेबलावरून मी असा एकदाच सरकवला होता, आणि त्यालाही कारणं होती. घरी जाताना बसमध्ये म्हटलं, दुपट्याच्या कडेला केसभर रेघ, कोण बघतंय. धुतल्यावर जाईलही. कार्बन सहजासहजी जात नाही हे मला माहीत होतं.

चौथ्यापासून पानं बरी येत गेली. सातवं माझ्या मते सगळ्यात सरस आहे. त्याच्या टोकाशी टाके इतके लहान होत जातात की गर्दी होते. तिथे दर टाका अगदी कडेपर्यंत न नेता मधला एखादा शेजारच्याखाली लपवायचा, हे मला सातव्याला आपोआप सुचलं आणि अक्काने बोट फिरवून काहीच विचारलं नाही, हीच पावती. रंगपंचमीला मी गेलोच नाही. शनी चौकातल्या रहाडीकडे, म्हणजे रंगाच्या हौदाकडे निघालेली गर्दी, रंगात बुडून निघालेली माणसं, आणि त्यातून पांढरं दुपटं घेऊन मी? थेंब घालायला शेजारच्या वहिनींना सांगितलं, दुपटं आदल्या दिवशीच घरी आणलं होतं. त्या दिवशी सिडकोतल्या गॅलरीत बसून नववं भरलं. खालून सोसायटीतले दोघे-तिघे रंगलेले हाका मारत होते, "काका, काय करताय?" मी म्हटलं, "रिपेअरिंग."

अकरावं पान संपलं त्याच आठवड्यात जळगावहून फोन आला. मुलगी. तीन किलोला थोडी कमी, दोघी सुखरूप. आणि दोन दिवसांनी अक्काचा जवळचा चष्मा मिळाला.

चष्मा लावल्यावर तिने आधी स्वतःचे हात पाहिले, मग पंचांग, मग दुपटं मागितलं. खिडकीपाशी पाटावर बसली. कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि एकेक पान सरकवत गेली. पहिलं. दुसरं. मी आत चहा टाकायला गेलो.

"अरे, इकडे ये. हे निळं काय आहे?"

"कार्बन असेल."

"कार्बन आहे ते दिसतंय मला. का दिसतोय ते विचारतेय."

मी म्हटलं, धुतल्यावर जाईल. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मी म्हटलं, टीप जरा आत पडली होती. तिने विचारलं, तेव्हाच कळलं होतं का? मी चहाचं आधण बघायला गेलो आणि परत आलो तरी प्रश्न तिथेच होता. हो, म्हटलं.

"उसव."

"अक्का, बारसं रविवारी आहे."

"एका पानाला आता तुला दीड तास लागतो."

खरं होतं ते. उसवायचं उलट्या बाजूने, टाके मधोमध कापून, आणि कात्रीचं टोक कापडाला लागू द्यायचं नाही. मग चिमट्याने तुकडे वेचायचे. जुनी भोकं दिसतात, ती नखाने उभी-आडवी घासायची, धुतल्यावर सूत सरकून भरतात. हे सगळं मला पहिल्या दोन पानांपासून पाठ झालेलं.

तरी मी एकदा म्हणून बघितलं. तिच्या पाच पानांकडे बोट दाखवलं. पोपटी, पोपटी, निळसर, पोपटी, निळसर. "आणि ही?"

"ती राहू देत," अक्का म्हणाली. "मला तेव्हा दिसत नव्हतं. तुला दिसत होतं."

मी कात्री शोधायला उठलो. ती तिच्याच मांडीवर होती.